दीड वर्षाच्या मुलाकडे कसं बघावं



नाशिकच्या या स्मृतिव्याख्यानाचा मान एका बालरोगतज्ज्ञाला दिलात आणि विषयही मलाच निवडू दिलात. विषय ठरवताना समोर कोण बसणार याचा विचार केला. आज इथे आजी-आजोबा मोठ्या संख्येने आहेत. दोन वर्षांचं मूल बोलत नाही, हाकेला वळत नाही, अशा वेळी त्याला आज दवाखान्यात न्यायचं की वर्षभर थांबायचं, हे आपल्याकडे पुष्कळ घरांत आजी-आजोबाच ठरवतात. म्हणून आज मी लहान मुलांमधल्या ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या निदानाबद्दल बोलणार आहे.

पहिली गोष्ट लगेच सांगून टाकते. ऑटिझम रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसत नाही, ईईजीमध्येही नाही. फिट्स येत असतील तर ईईजी करतात, काही विशिष्ट लक्षणं असतील तर जनुकीय तपासणी सांगतात, पण त्या सोबतच्या इतर गोष्टी शोधण्यासाठी. ऑटिझमचं निदान होतं ते मुलाकडे बघून आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसांचं ऐकून. हे ऐकलं की काही पालक नाराज होतात. एवढी फी देऊन नुसतं बघितलं, असं त्यांना वाटतं. पण ते बघणं नेमकं असतं, शिकावं लागतं, आणि त्याचा निम्मा कच्चा माल घरातून येतो.

या निदानाचा इतिहासच मुळी एका वडिलांच्या पत्रापासून सुरू झाला. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथले वकील बीमन ट्रिपलेट यांनी १९३८ साली आपल्या पाच वर्षांच्या मुलाबद्दल, डोनाल्डबद्दल, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना टाइप केलेलं ३३ पानी पत्र पाठवलं. मुलगा एकटा असला की सर्वांत खूश असतो, वस्तू गरगर फिरवत बसतो, कोण आलं-गेलं याचं त्याला काही वाटत नाही, असे बारीकसारीक तपशील त्यात होते. पुढे १९४३ मध्ये कॅनरनी ११ मुलांवरचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातलं पहिलं मूल म्हणजे हा डोनाल्ड. आज जगभर ज्याला ऑटिझम म्हणतात त्याचं पहिलं व्यवस्थित वर्णन असं एका बापाच्या टिपणांवर उभं आहे.

आणि त्याच शास्त्राने पुढे वीस-पंचवीस वर्षं आयांवर दोष ठेवला. आई थंड आहे, माया करत नाही, म्हणून मूल आत वळलं, असं सांगितलं गेलं. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. या समजुतीला सडेतोड उत्तर आधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी दिलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टिन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास केला आणि या स्थितीचं मूळ मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असल्याचं दिसलं. शास्त्राने ती चूक सोडली. आपल्या घरांनी अजून सोडलेली नाही. “ही नोकरीला जाते ना, म्हणून”, “हिनेच मोबाइल हातात दिला” ही वाक्यं मी सुनेच्या तोंडावर बोललेली ऐकते. मोबाइलबद्दल स्पष्ट बोलते. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा नकोच. त्याने बोलणं कमी होतं, खेळणं कमी होतं. तो बंद करा, आजच करा. पण “मोबाइल बंद केलाय, आता सहा महिने बघू” असं म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. दोन्ही एकाच आठवड्यात करता येतं.

मूल कसं वाढतंय हे तपासायला आपल्या घरात एक उत्तम जागा आहे. मराठी आई मुलाला कडेवर घेऊन गॅलरीत किंवा ओट्यावर येते आणि काऊचा घास, चिऊचा घास भरवते. या भरवण्यात काय काय घडतं, जरा सावकाश बघा. आई म्हणते, तो बघ काऊ. नऊ-दहा महिन्यांचं मूल आईच्या बोटाकडे बघतं. आणखी थोडं मोठं झालं की बोटाच्या दिशेने पलीकडे बघतं, कावळा सापडतो, आणि मग ते पुन्हा आईच्या तोंडाकडे बघतं. तूही बघितलास ना, असं त्या नजरेत असतं. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल हेच उलट करू लागतं. आईचं लक्ष नसलं तरी ते स्वतः बोट करतं, “ऊ” म्हणतं आणि आई बघते का ते बघतं. त्याला कावळा हवा नसतो. कावळा दोघांनी मिळून बघायला हवा असतो. दोन माणसांचं लक्ष एका तिसऱ्या गोष्टीवर एकत्र येणं, हा पुढच्या सगळ्या भाषेचा पाया आहे. ऑटिझमची सर्वांत लवकर दिसणारी चिन्हं नेमकी इथेच असतात. हवी असलेली वस्तू मिळवण्यासाठी मूल कदाचित हात पुढे करेल, पण नुसतं दाखवण्यासाठी बोट करत नाही. बोटामागे बघत नाही. बघितलं तरी परत आईकडे नजर वळत नाही.

ही माझी एकटीची समजूत नाही. १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी घरगुती चित्रफिती तपासल्या. पहिल्या वाढदिवसाच्या. त्यातल्या ११ मुलांना पुढे ऑटिझमचं निदान झालं होतं, ११ मुलांची वाढ नेहमीसारखी झाली होती. केक कापायच्या त्या गडबडीतही चार गोष्टींत फरक दिसला: बोट दाखवणं, वस्तू उचलून दुसऱ्याला दाखवणं, माणसांच्या चेहऱ्याकडे बघणं आणि नावाने हाक मारल्यावर वळणं. आज आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जावळाच्या, पहिल्या वाढदिवसाच्या चित्रफिती आहेत. शंका आली तर त्या पुसू नका, घेऊन या. काही मुलं आधी चार-पाच शब्द बोलत असतात आणि दीड ते दोन वर्षांच्या सुमारास ते शब्द हरवतात. “आधी बाबा म्हणायचा हो, आता म्हणत नाही.” अशा वेळी जुनी चित्रफीत हा फार मोलाचा पुरावा असतो. आणि आलेलं बोलणं किंवा हसून बघणं गेलं, तर त्या एका कारणासाठी तातडीने डॉक्टरकडे जावं. मग वय कोणतंही असो.

बाकीची चिन्हं थोडक्यात सांगते. वर्षाचं मूल बडबडत नाही, टाटा करत नाही. सोळा महिन्यांनाही एक अर्थपूर्ण शब्द नाही. दोन वर्षांनी “आई ये”, “दूध दे” अशी दोन शब्दांची स्वतःची जोडणी नाही. दुसऱ्या बाजूला काही गोष्टी जास्त दिसतात: चाकं आणि पंखा यांत तासन्‌तास रमणं, गाड्या ओळीत लावणं आणि ओळ मोडली की आकांत करणं, चवड्यांवर चालणं, एकाच प्रकारचं बिस्कीट खाणं. आवाजाचा त्रासही असतो. मिक्सर लावला की मूल घर सोडून पळतं. आपल्या शहराला ढोलाचा अभिमान आहे, पण गणपती विसर्जनाच्या दिवशी कानावर हात दाबून किंचाळणाऱ्या मुलाला हट्टी समजण्याआधी हे एकदा आठवा.

यातलं एखादं चिन्ह कुठल्याही मुलात असू शकतं. निदान एका चिन्हावर होत नाही. डॉक्टर आज जे निकष वापरतात ते २०१३ सालच्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ग्रंथातले आहेत. माणसांशी देवाणघेवाण, नजर-हावभाव आणि वयाला साजेशी नाती या तिन्ही बाबतीत अडचण हवी. शिवाय तोचतोचपणा, बदल न सोसणं, एखाद्याच विषयाचं वेड आणि आवाज-स्पर्श-चव यांबाबत वेगळी संवेदना या चारांपैकी किमान दोन हवीत. आणि हे सगळं लहान वयातच सुरू झालेलं हवं.

प्रत्यक्षात हे कसं बघतात? एक प्रसंग सांगते. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. अडीच वर्षांचा मुलगा. खोलीत सतरंजी, थोडी खेळणी. त्याने गाडी उचलली, उलटी केली आणि चाक फिरवायला लागला. गाल जमिनीला टेकवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून ते चाक बघत राहिला. मी नावाने हाक मारली. वळला नाही. आईने मारली, तरी नाही. वडिलांनी खिशातल्या बिस्किटाच्या पुड्याचा कागद हलकेच चुरगाळला, तेव्हा क्षणात वळला. मग मी साबणाचे फुगे उडवले. तो खूप खूश झाला, उड्या मारल्या, हात फडफडवले. आनंद अगदी खरा होता. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि काही न बोलता बसून राहिले. या वयाची बहुतेक मुलं इथे माझ्या तोंडाकडे बघतात, मग बाटलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कुणी “अजून” म्हणतं, कुणी आईला ओढून आणतं. त्याने माझं मनगट धरलं आणि ते झाकणावर नेऊन ठेवलं. काय हवंय ते त्याला कळत होतं. हाताने झाकण उघडतं हेही कळत होतं. एवढ्या वेळात त्याची नजर माझ्या चेहऱ्यापर्यंत एकदाही आली नाही. खेळण्यातला कप देऊन म्हटलं, बाबांना चहा दे. त्याने कप उलटा केला आणि फिरवला. आई हळूच म्हणाली, “घरीपण असाच करतो. सगळे म्हणतात हट्टी आहे.”

अशा तपासणीला तासभर तरी लागतो. पुष्कळदा दोनदा बोलवावं लागतं, कारण मूल त्या दिवशी झोपलेलं नसतं, तापातून उठलेलं असतं. गर्दीच्या ओपीडीत दहा मिनिटांत “आहे” किंवा “नाही” असं कुणी सांगितलं, तर ते निदान समजू नका.

त्याआधी कान तपासायलाच हवेत. कागदाचा आवाज ऐकून वळला म्हणजे ऐकू येतं, असं घरच्यांना वाटतं आणि ते स्वाभाविक आहे. पण काही स्वर ऐकू येतात आणि बोलण्यातले काही निसटतात, असंही असू शकतं. म्हणून ‘बेरा’ ही तपासणी करून घ्यावी. मूल झोपेत असताना ती होते, इजा नाही.

आता चाळणी आणि निदान यांतला फरक. एम-चॅट ही प्रश्नावली डायना रॉबिन्स यांनी बनवली. तिच्या सुधारित रूपात १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना विचारायचे २० प्रश्न आहेत. दोनपर्यंत गुण आले तर काळजी कमी, तीन ते सात आले तर पुन्हा नीट विचारायचं, आठ किंवा अधिक आले तर थेट तज्ज्ञाकडे. २०१४ मध्ये सोळा हजारांहून अधिक मुलांवर केलेल्या पडताळणीत, पाठपुराव्यानंतरही चाळणीत अडकलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना ऑटिझम निघाला. उरलेल्यांचं काय? दोन्ही मिळून शंभरातल्या सुमारे ९५ मुलांना वाढीची काही ना काही अडचण होतीच. कुणाला भाषेची, कुणाला बुद्धीच्या विकासाची. म्हणजे “उगाच घाबरवलं” असं म्हणण्याजोगी मुलं फार थोडी. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याला भीती नेमकी उगाच घाबरण्याची असते.

भारतीय मुलांसाठी भारतात बनलेली साधनंही आहेत. इन्क्लेन या संस्थेने दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी निदानाचं साधन तयार केलं, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम ही त्याआधीची, २००९ सालची मोजपट्टी. सहा गटांत ४० बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण. ७० पासून सौम्य, १०७ पासून मध्यम, १५३ च्या वर तीव्र. सरकारी प्रमाणपत्रासाठी हीच वापरतात. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझमचं नाव नव्हतं. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आलं. मात्र तीव्रता मोजण्याच्या या पट्टीने दीड वर्षाचं मूल हेरता येत नाही, ते तिचं कामच नाही.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारतो, हेही आपल्या जिल्ह्यात महत्त्वाचं आहे. सटाणा-कळवणच्या घरात अहिराणी बोलतात, सुरगाणा-पेठकडे कोकणा. पुस्तकी मराठीत विचारलेला प्रश्न तिथल्या आईला कळतोच असं नाही, आणि लाजेने ती “हो” म्हणते. मूल ज्या भाषेत झोपी जातं त्या भाषेत त्याच्याशी बोलून बघायला हवं. आणखी एक सल्ला पालकांना सर्रास मिळतो, तो मला अजिबात मान्य नाही: घरात एकच भाषा बोला, जमल्यास इंग्रजी. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही की वाढत नाही. आजीची अहिराणी बंद केली, तर मुलाशी मोकळेपणाने बोलणारं एक माणूस कमी होतं, एवढंच होतं.

मुलींबद्दल एक वाक्य. मुलांमध्ये हे निदान मुलींच्या तीन-चार पट दिसतं, पण शांत, आपल्यातच असणारी मुलगी “गुणाची” ठरते आणि हातून सुटते.

आता “वाट बघू” या आपल्या सवयीकडे येते. मुलगा आहे, उशिरा बोलेल. याचा बापपण तीन वर्षांनी बोलला. घरात दुसरं मूल नाही ना. बालवाडीत घातलं की बोलायला लागेल. हे सगळे प्रेमाने बोलतात, आणि काही मुलं खरंच नंतर बोलू लागतात. पण कुठलं मूल नंतर बोलेल हे घरी बसून ओळखता येत नाही. ओळखण्याचा मार्ग म्हणजे वर सांगितलेल्या गोष्टी बघणं. उशिरा बोलणारं पण बाकी ठीक असलेलं मूल बोटाने दाखवतं, खुणा करतं, डोळ्यांनी भांडतं, चूल-बोळकी मांडून खोटा खोटा चहा पाजतं. बोलणं नाही आणि हेही नाही, तर थांबण्यात हित नाही. काही डॉक्टरही नाव घ्यायला कचरतात. पालक कोसळतील या भीतीने “थोडं मागे आहे, बघू” म्हणतात. त्यांची कळकळ मला समजते. पण नाव न घेतल्याने घरचे महिनोन्‌महिने चुकीच्या दारांवर फिरतात. कुणी जीभ सुटी करून आणतात, कुणी स्टेम सेलवर लाखो रुपये घालवतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, हे पालकांना आधी कळायला हवं.

शासनाची यंत्रणा या कामासाठी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या पालघरला सुरू झाला. त्यात डॉक्टरांची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. तपासायच्या ३० गोष्टींत ऑटिझम आहे. शंका आलेलं मूल जिल्हा पातळीवरच्या ‘डीईआयसी’ केंद्राकडे पाठवायचं असतं, जिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा आणि श्रवण तपासणारे एकाच ठिकाणी असावेत अशी रचना आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. शंभर मुलांमागे एक, हा जागतिक आरोग्य संघटनेने बराच काळ दिलेला ढोबळ अंदाज धरला, तरी इथली मुलं हजारांत आहेत. एका केंद्रावर, एका इमारतीवर हे निभणार नाही. या शहराने अशी कामं लोकांच्या बळावर केलेली आहेत. रजनी लिमये यांनी १९७७ साली इथे प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तेव्हा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शाळा असते हेच अनेकांना नवीन होतं. त्यांनी घराघरांतली मुलं बाहेर आणली.

आणि निदानाचा शिक्का मिळेपर्यंत मदत थांबवायची गरज नाही. ती मदत तज्ज्ञांशिवायही देता येते, हे मला गोव्याच्या एका प्रयोगातून सांगायचं आहे. संगत ही संस्था, डॉ. गौरी दिवाण आणि त्यांचे सहकारी यांनी गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर एक चाचणी केली. ती २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आली. मुलं दोन ते नऊ वर्षांची. शिकवणारे डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते होते. आई-वडील मुलाबरोबर खेळतात त्याचं चित्रण करायचं, मग ते त्यांनाच दाखवायचं: बघा, इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून त्याने आवाज काढला. आठ महिन्यांनी पालकांचा प्रतिसाद सुधारला होता आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. गोव्यात हे जमलं, तर दिंडोरीत, निफाडमध्ये न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

म्हणून एक मागणी मी आज इथे जाहीरपणे ठेवते. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, आशाताई, अंगणवाडी सेविका यांच्यातले जे आले असतील त्यांच्यासमोर. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान प्रत्येक मूल गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोससाठी आणि त्रिगुणीच्या बूस्टरसाठी लसीकरण सत्रात येतं. चाळणीचं वय हेच आहे. लस आणि ऑटिझमची चिन्हं एकाच वयात येतात म्हणून लसीमुळे ऑटिझम होतो अशी अफवाही इथूनच उगवते. तिला आधार देणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा पाठपुरावा करून २०१९ मध्ये पुन्हा दाखवलं गेलं की असा संबंध नाही. लस द्याच. फक्त लस देऊन झाल्यावर, मूल रडायचं थांबलं की, आईच्या हातातलं माता-बाल संरक्षण कार्ड उघडा. त्यात वाढीचे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत, पण आपण तारखेचं पान बघून ते मिटतो. आईला विचारा: नावाने हाक मारली की वळतो का, आणि तुम्हाला काही दाखवायला बोट करतो का. एकाचंही उत्तर “नाही” आलं, तर ते कार्डावर लिहा, पुढच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी द्या, आणि त्या तारखेला ती आली नाही तर आशाताईंना घरी पाठवा.